कलंडणारी ‘वेव्हर्ली’ कशी सावरली

बावीस वर्षांनी पुन्हा मॉडेल बोटी करायला घेतल्या आणि पहिलीच निवडली ग्लासगोची ‘वेव्हर्ली’. 1946 साली पाण्यात उतरलेली, अजूनही प्रवासी नेणारी वल्हेचाकांची, म्हणजे दोन्ही बाजूंना फळ्या लावलेली चाकं असलेली आगबोट. 1:96 प्रमाणात लांबी 76 सेंटीमीटर, पण हल, म्हणजे बोटीचं मुख्य धड, जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर रुंद. चाकांच्या पेट्यांमुळे बोट ऐसपैस दिसते, पण त्या पेट्या पाण्याच्या वर असतात. तोल सांभाळायला त्यांचा काडीचा उपयोग नाही!

टबात सोडली तर लगेच डावीकडे कलली. मोटर लावल्यावर आणखी गंमत: कललेल्या बाजूचं चाक खोल बुडायचं, दुसरं हवेत फटफटायचं आणि बोट गोल गोल फिरायची. खऱ्या वेव्हर्लीची दोन्ही चाकं एकाच आसावर आहेत, माझीही तशीच. त्यामुळे एका चाकाचा वेग बदलून सावरायची सोय नव्हती.

आधी तळात शिसं भरत गेलो. ती चूक. बोट इतकी बसली की चाकं अर्धी बुडून नुसतं पाणी उचलायला लागली. दोष वर होता. हौसेनं वरचे डेक आणि दोन्ही धुराडी प्लायची केली होती. ती उपटून पातळ कार्डाची केली, वॉर्निश मारलं. बॅटरी डेकखालून काढून तळाला चिकटवली. मग मासेमारीची शिशाची वजनं, मधोमध, थोडी थोडी; चाकाची खालची फळी पुरती बुडेपर्यंतच.

आता बोटानं दाबून सोडली की टुणकन सरळ होते. तळ्यावर वारा असला तर मात्र अजून घरीच ठेवतो.