गच्चीवरचे टोमॅटो

कोथरूडच्या आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये टोमॅटो लावायचा हट्ट मी दोन वर्षं केला. फुलं भरपूर, फळ एक नाही! पारा पस्तिशीपुढे गेला की पराग निकामी होतात, फुलं गळतात. आता ऑगस्टअखेर बी पेरते आणि पाऊस ओसरला की २५-३० दिवसांची रोपं लावते.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, बुडाला भोकं पाडा. माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तिन्ही समप्रमाणात. वर मूठभर निंबोळी पेंड. एका बादलीत एकच रोप. खालची पानं खुडून खोड चक्क अर्धंअधिक मातीत गाडा, त्यालाही मुळं फुटतात. सासूबाईंना बघवत नाही, "अगं, जिवंत पुरतेस की काय त्याला!" आधाराची काठी त्याच दिवशी रोवा, नंतर मुळं दुखावतात.

पाणी नेमाने. दोन दिवस कोरडं, मग धो धो, असं केलं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. सकाळी फुलांच्या दांड्याला हलकी टिचकी मारा, फळधारणा वाढते. फळं रंगू लागली की पाणी थोडं आखडा, चव दाट उतरते. आणि पिकलेले टोमॅटो फ्रीजमध्ये कोंबू नका, कोशिंबिरीत लगेच कळतं.