आधी ढवळून पाहा: फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्टची बॅच कशी बसवावी

फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट म्हणजे पाण्याच्या थरातला आयन न मिसळणाऱ्या सेंद्रिय थरात नेऊन रिअॅक्शन घडवणारा पदार्थ. माझ्याकडे प्रोसेस डेव्हलपमेंटला नवा केमिस्ट आला की पहिल्या दिवशी मी त्याला एक परीक्षानळी दाखवते. खाली दोन मिली डायक्लोरोमिथेन, वर पोटॅशियम परमँगनेटचं अगदी फिकं पाणी. कितीही हलवा, जांभळा रंग पाण्यातच राहतो. मग चिमूटभर टीबीएबी, म्हणजे टेट्राब्यूटिल अमोनियम ब्रोमाइड टाकायचं आणि पुन्हा हलवायचं. खालचा थर जांभळा होतो. पाणी न सोडणारा परमँगनेट क्वाटचं (टीबीएबीसारख्या, चार सेंद्रिय गट जोडलेल्या धन आयनाच्या मिठाचं) बोट धरून सेंद्रिय थरात उतरला, तो डोळ्यांना दिसला. (नळीतला परमँगनेट लगेच निष्क्रिय करून टाका. हा थर कधीही सुकवू नका. क्वाटचं कोरडं परमँगनेट भडकतं.)

१९७१ मध्ये चार्ल्स स्टार्क्सने हेच १-क्लोरोऑक्टेन आणि सोडियम सायनाइडच्या द्रावणावर दाखवलं. दिवसभर तापवूनही न हलणारी रिअॅक्शन थोड्याशा क्वाटने दोन-तीन तासांत पूर्ण झाली. त्याआधी पोलंडमध्ये रसायनज्ञ माकोशा ५० टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) आणि क्वाट वापरून अल्किलेशन, म्हणजे रेणूला अल्किल गट जोडणं, करतच होते.

आता कामाचं बोलू. समजा, फिनॉलवर बेंझिल क्लोराइड चढवायचं आहे आणि जुनी पद्धत डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक) व पोटॅशियम कार्बोनेटची आहे. बॅच चांगली होते, पण डीएमएफ पाण्यात पूर्ण मिसळतं. ते परत मिळवायला पाणी उडवत बसावं लागतं, नाहीतर सगळं इफ्लुएंटला, म्हणजे सांडपाण्यात जातं. मी अशी सुरुवात करते: फिनॉल ९४ ग्रॅम, टॉल्युइन २०० मिली, ३० टक्के कॉस्टिक १४७ ग्रॅम (१.१ मोल), टीबीएबी ६.४ ग्रॅम, म्हणजे २ मोल टक्के. ७० अंशांवर आणून बेंझिल क्लोराइड १२९ ग्रॅम दोन तासांत थेंबथेंब. ते डोळ्यांना भयंकर झोंबतं, फ्यूमहूडबाहेर बाटली उघडायची नाही.

इथे बहुतेक जण लगेच दुसरे कॅटॅलिस्ट मागवतात. थांबा. आधी ढवळून पाहा.

हीच बॅच तीनदा करा: ३००, ५०० आणि ७०० आरपीएमवर, बाकी काहीही न बदलता. दर अर्ध्या तासाने ढवळणं क्षणभर बंद करा, थर वेगळे होऊ द्या, वरच्या थराचा सॅम्पल काढून लगेच सौम्य आम्लात घालून रिअॅक्शन थांबवा आणि जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफला) लावा. ३०० वरून ५०० वर रिअॅक्शनचा वेग वाढला, पण ७०० वर तोच राहिला, तर ५०० च्या पुढे थरांमधल्या वाहतुकीची अडचण संपली. आता रसायनशास्त्र मंद आहे, मग तापमान वाढवा, कॅटॅलिस्ट वाढवा. ७०० वरही रिअॅक्शनचा वेग चढताच असेल, तर महागडा क्वाट आणून उपयोग नाही, थर नीट भिडतच नाहीत. या तीन बॅचना मी दोन दिवस देते आणि कुणी घाई केली तरी सोडत नाही, कारण प्लांटमध्ये नेताना हाच आलेख वाचवतो.

प्लांटमध्ये आरपीएम तसाच नेता येत नाही. ग्लासलाइन्ड रिअॅक्टरमध्ये अँकर (नांगराच्या आकाराचं ढवळणं) असेल तर तो भिंतीजवळ फिरत राहतो आणि टॉल्युइन कॉस्टिकवर निवांत तरंगतं. तिरक्या पात्यांचा टर्बाइन आणि बॅफल (प्रवाह अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या) हवा. लॅबमध्ये दर लिटरला जेवढी ढवळण्याची शक्ती लागली, तेवढी तिथे मिळते का, हे आधी गणिताने तपासा.

माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र याच कारणाने आली. डोसिंग चालू असताना ॲजिटेटर (ढवळणारं यंत्र) ट्रिप होऊन बंद पडला आणि पंप मात्र चालूच राहिला. वीस मिनिटं बेंझिल क्लोराइड वरच्या थरात साचत होतं. रिअॅक्शन होत नव्हती, म्हणून तापमान घसरलं. घसरलं म्हणून कंट्रोलरने जॅकेटला स्टीम दिली. पॅनलवर सगळं शांत दिसत होतं. शिफ्टच्या ऑपरेटरने स्टार्टच्या बटणावर हात ठेवला, तेव्हा मी ओरडूनच थांबवलं. ते बटण दाबलं असतं तर साचलेलं सगळं एकदम पेटून उठलं असतं. रिअॅक्शन कॅलरीमीटरने मोजलेला, साचलेल्या मालातून किती उष्णता सुटेल याचा आकडा हाताशी होता, म्हणून पुढचा निर्णय घेता आला: आधी स्टीम बंद, जॅकेट पूर्ण थंड, मग सर्वांत कमी वेगाने काही सेकंद ढवळायचं, थांबायचं, तापमान बघायचं. बॅच सुटायला पहाट झाली. तेव्हापासून ॲजिटेटर आणि डोसिंग पंप यांचं इंटरलॉक (एक थांबलं की दुसरं आपोआप बंद) बसल्याशिवाय मी बॅच शीटवर सही करत नाही. दोन थरांच्या रिअॅक्शनमध्ये घसरलेलं तापमान ही चांगली बातमी नसते.

कॅटॅलिस्ट निवडताना टीबीएबीपासून सुरुवात करा. ब्रोमाइड आड येतं असं वाटलं तर त्याच क्वाटचं हायड्रोजन सल्फेट मीठ बघा. त्याचा आयन पाण्यातच रमतो, क्वाटची जागा अडवत नाही. लॅबची सवय सांगते की आयोडाइड चांगला सुटणारा गट आहे. इथे ती सवय नडते. सुटलेलं आयोडाइड क्वाटला चिकटून बसतं आणि तुमच्या फिनॉक्साइडला (कॉस्टिकने फिनॉलपासून झालेल्या आयनाला) वाहनच उरत नाही. अल्किल क्लोराइड चालत असेल तर तेच घ्या, स्वस्तही पडतं.

पाण्याचं प्रमाण तितकंच महत्त्वाचं. फिनॉलला ३० टक्के कॉस्टिक पुरतं. कार्बनवरचा हायड्रोजन काढायचा असेल तर ५० टक्के लागतं, कारण हायड्रॉक्साइडभोवती पाणी कमी असलं की त्याचा जोर वाढतो. पण ५० टक्के कॉस्टिक आणि जास्त तापमान एकत्र आलं की क्वाट तुटतो, हॉफमन एलिमिनेशनने ट्रायब्यूटिल अमाइन होतं. माशासारखा वास आला किंवा जीसीत अनोळखी पीक वाढत गेलं, तर आधी हाच संशय घ्या. तापमान उतरवा किंवा क्वाटऐवजी पीईजी-४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) वापरून पाहा. ते मंद आहे, पण टिकतं. रेणूत एस्टर असेल तर कॉस्टिक नको, घन पोटॅशियम कार्बोनेट घ्या. त्यात थोडंसं पाणी असू द्या, कारण हाडासारखं कोरडं कार्बोनेट अनेकदा हलतच नाही. आणि सोडियम अझाइडच्या कामात डायक्लोरोमिथेन अजिबात नको, स्फोटक डायअझिडोमिथेन होतं.

वर्कअपमध्ये, म्हणजे रिअॅक्शननंतर प्रॉडक्ट वेगळं काढताना, एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. बॅच संपली की लोक मिठाच्या पाण्याने धुतात, थर पटकन सुटतात आणि सगळे खूश होतात. पण मीठ आणि कॉस्टिक क्वाटला पाण्यातून हाकलून टॉल्युइनमध्ये ढकलतात. तो तिथेच राहिला तर डिस्टिलेशनच्या उष्णतेत तुटतो आणि अमाइन प्रॉडक्टमध्ये उतरतं. म्हणून मीठ विरघळण्यापुरतं पाणी घालून ५०–६० अंशांवर पहिला थर काढा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. हळू ढवळा, जोर केला तर इमल्शन होतं. धुण्याचं पाणी वेगळं साठवा. क्वाट बॅक्टेरियाला मारतो, ते थेट जैविक ट्रीटमेंटला सोडलं तर टाकी झोपते.

दुसऱ्या धुण्याच्या पाण्यात क्वाट उरला का, हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. ५ मिली पाणी घ्या, थोडा सोडियम कार्बोनेट, ब्रोमोफिनॉल ब्लूचा एक थेंब, वर २ मिली डायक्लोरोमिथेन, आणि हलवा. खालचा थर निळा झाला तर क्वाट अजून येतोय, आणखी एकदा धुवा. खालचा थर पाण्यासारखा स्वच्छ राहिला, की टॉल्युइन डिस्टिलेशनला घ्या.