नदीतलं झाड थोडं उजळ रंगवा

ताम्हिणीचं रान किंवा मुळा-मुठेचा काठ तैलरंगात रंगवताना ट्यूबमधला हिरवा थेट लावू नका, झाडं प्लास्टिकची दिसतात. अल्ट्रामरीन निळ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून हिरवा बनवा. तरी भडक वाटला तर किंचित बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). लांबच्या झाडीत निळा-पांढरा वाढवला की ती आपसूक मागे सरते.

खरी गंमत पाण्यात आहे. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा उजळ आणि उजळ आभाळाचं जरा गडद ठेवा. पावसाळ्यात मुठा गढूळ असते, तेव्हा त्यात मातकट तपकिरी हवाच. (निळीशार नदी कॅलेंडरवर शोभते.) रंग ओला असतानाच कोरडा, मऊ ब्रश आधी उभा खाली ओढा, मग अगदी हलक्या हाताने आडवा फिरवा. एकदा-दोनदाच. जास्त घोटलंत की चिखल.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलट केलंत तर पुढे तडे जातात. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंग सुकायला वेळ लागतो, म्हणून कडेला बोट टेकवून बघा आणि मगच पुढचा थर द्या. पानांवरचे उन्हाचे कवडसे सगळ्यात शेवटी, जाड रंगात.