काय झालं, आणि कितव्या वर्षी: स्तनांच्या आरोग्याचा वयपट कसा लिहावा

गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या बाईची स्तन तपासणी होते, तेव्हा पाळी, बाळंतपणं, घरातला कॅन्सर असे प्रश्न विचारतात. उत्तरं बहुधा ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘लई वर्षं झाली’ अशी येतात. त्यातून डॉक्टरांच्या हाती फारसं लागत नाही. स्तनाच्या बाबतीत काय घडलं याइतकंच ते कितव्या वर्षी घडलं, हे महत्त्वाचं असतं. म्हणून एका पानाचा वयपट घरीच तयार करावा.

बाकीचे बहुतेक अवयव जन्मतानाच घडलेले असतात. स्तनात तेव्हा फक्त काही आखूड नळ्या असतात. वयात येताना या नळ्यांच्या टोकांना कळ्या फुटतात आणि तिथल्या पेशी भराभर दुणावतात. त्या काळात पेशीच्या जनुकाला इजा झाली, तर दुरुस्तीला वेळ मिळण्याआधीच ती पुढच्या पेशींत उतरते. पूर्ण दिवसांच्या पहिल्या गरोदरपणात यातल्या पुष्कळ पेशी दूध करण्याच्या कामाला लागून स्थिरावतात. १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीत किरणोत्सर्ग सगळ्या वयांच्या बायकांनी सोसला. पण पुढे स्तनांचा कॅन्सर सर्वांत जास्त वाढलेला दिसला तो तेव्हा वीस वर्षांच्या आत असलेल्या मुलींमध्ये, आणि तोही लगेच नाही, त्या मोठ्या झाल्यावर. चाळिशी ओलांडलेल्यांत ही वाढ फार कमी होती.

आता कागद. वहीचं पान आडवं धरून चार रकाने पाडा: वय, साल, काय झालं, दवाखान्याचा कागद आहे का. सुरुवात जन्मसालापासून करा, आणि पहिली चूक इथेच होते. आधारवरची १ जून ही तारीख पुष्कळदा शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली असते. त्यापेक्षा गावाला आठवणाऱ्या घटना धरा: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), ७२ चा दुष्काळ, कृष्णेचे २००५ आणि २०१९ चे पूर. भूकंपात सात वर्षांची होती, म्हणजे जन्म १९६० च्या आसपास. २००५ च्या पुरात धाकटी अंगावर पीत होती, म्हणजे ते बाळंतपण २००४-०५ चं. एक-दोन वर्षांचा फरक चालतो, दहाचा नाही.

पहिली नोंद न्हाण आल्याच्या वयाची. पाळी जितकी वर्षं लवकर, तितका स्तनांच्या कॅन्सरचा धोका दर वर्षामागे साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. आठ ते तेरा वर्षांच्या मुलीला एका बाजूच्या बोंडाखाली चकतीसारखी दुखरी गाठ लागली, तर बहुधा ती स्तन वाढायची सुरुवात असते. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. ती दाबू नका, शेकू नका आणि काढून टाकायला तर मुळीच जाऊ नका. कळीच कापली गेली तर त्या बाजूचा स्तन वाढत नाही. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दहा ते तीस वर्षांच्या दरम्यान छातीवर रेडिएशनचे उपचार झाले असतील, उदाहरणार्थ हॉजकिनच्या आजारासाठी (लसीकाग्रंथींचा एक कॅन्सर), तर ती नोंद लाल शाईने करा. अशा मुलीची दरवर्षीची एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) उपचारानंतर ८ वर्षांनी किंवा वयाच्या पंचविशीत, जे नंतर येईल तेव्हापासून, सुरू करायची असते. साध्या एक्स-रेला मात्र घाबरू नका. छातीच्या एक्स-रेची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) असते, सीटी स्कॅनची त्याच्या कित्येक पट. टीबीचा संशय असताना एक्स-रे टाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

डीडीटी या जुन्या कीटकनाशकाबद्दल कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात असं दिसलं, की चौदा वर्षांच्या आत त्याच्या संपर्कात आलेल्या आणि रक्तात त्याचं प्रमाण जास्त असलेल्या बायकांत धोका कितीतरी वाढला होता. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत आज फवारतात ती औषधं वेगळी आहेत, हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरी वयात येणाऱ्या पोरींना द्रावण कालवायला लावू नये.

बाळंतपणांच्या ओळीत प्रत्येक मुलाच्या वेळचं स्वतःचं वय आणि किती महिने अंगावर पाजलं ते लिहा. सगळ्या मुलांचे महिने मिळवा, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्के कमी होतो. पहिलं मूल लवकर झालं तर लांबच्या काळात धोका घटतो, हे खरं. त्यातून पोरीचं लवकर लग्न लावायचा अर्थ कुणी काढला, तर तो कायद्याने गुन्हा आणि तिच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय प्रत्येक बाळंतपणानंतर काही वर्षं धोका तात्पुरता वाढतो आणि साधारण पाचव्या वर्षी तो सर्वांत जास्त असतो. म्हणून पाजताना लागलेली गाठ ‘दूध साकळलंय’ म्हणून दोन आठवड्यांपुढे सोडू नये. सोनोग्राफी गरोदरपणात आणि पाजतानाही करता येते. आधी दूध रिकामं करून जा.

सगळ्यात जास्त गोंधळ पिशवीच्या ऑपरेशनचा. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर थांबू नका. पिशवी गेली की पाळी बंद होते. पण बीजकोश आत असतील तर त्यांची संप्रेरकं चालूच राहतात आणि स्तनांच्या लेखी पाळी गेलेलीच नसते. डिस्चार्ज कार्डावर ‘बीएसओ’ (दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजकोश काढणं) किंवा ‘उफोरेक्टमी’ (बीजकोश काढणं) आहे का बघा. नुसतं ‘सॅल्पिंजेक्टमी’ असेल तर फक्त नळ्या काढल्यात. पाळी आपोआप गेली असेल तर शेवटच्या पाळीचं वय लिहा आणि तेव्हाचं आणि आत्ताचं वजनही. पाळी गेल्यावर चरबीतच इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून त्या वयातलं वाढलेलं वजन धोक्याच्या हिशेबात धरतात.

शेवटची ओळ नात्यांची: आई, बहिणी, मावश्या आणि वडिलांकडच्या आत्या व आजीसुद्धा. ‘आत्याला होता’ हे अपुरं, ‘आत्याला ३९ व्या वर्षी’ हे हवं. पन्नाशीच्या आत कुणाला झाला असेल तर पान घेऊन थेट मिरज किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात जा. सरकारी तपासणी ३० ते ६५ वयात पाच वर्षांतून एकदा होते, तेवढी तुम्हाला पुरणार नाही. पाळी चालू असेल तर तपासणी पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसात ठेवा, तेव्हा स्तन मऊ असतात. पण गाठ हाताला लागली असेल (पाजत असाल तर ती दोन आठवड्यांत गेली नसेल), बोंड आत ओढलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर पाळीची आणि या पानाचीही वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा. पान मागाहून पुरं करता येतं.