मारकुटी कोंबडी कशी आवरायची

चार-सहा कोंबड्यांत थोडी टोचाटोची चालायचीच. कोण वरचढ हे त्यातूनच ठरतं. पण एखादी दुसरीला दाण्यापर्यंत पोचूच देत नसेल, पाठीची पिसं उपटून कातडी उघडी पाडत असेल, तर मध्ये पडायलाच हवं.

आधी जागा मोजा. खुराड्यात प्रत्येकीला किमान 4 चौरस फूट, बाहेर 10, आणि बसायच्या दांडीवर 8 ते 10 इंच. दाण्या-पाण्याची भांडी दोन-दोन ठेवा, एकमेकांपासून इतकी लांब की एकीला दोन्ही अडवता येऊ नयेत. बरीच भांडणं इथेच मिटतात.

नाही मिटली तर मारकुटीलाच वेगळं काढा, मार खाणारीला नव्हे. जाळीच्या पिंजऱ्यात, बाकीच्यांच्या नजरेआड, 4-5 दिवस. तेवढ्यात मागे राहिलेल्यांचा क्रम नव्याने लागतो आणि परतणारी उपरी ठरते. तिला अंधार पडल्यावर दांडीवर ठेवा. एका दिवसातच परत आणलीत तर पहिले पाढे पंचावन्न.

रक्त दिसलं तर मात्र जखमी कोंबडी लगेच हलवा. लाल रंगावर बाकीच्याही तुटून पडतात. जखम पूर्ण भरेपर्यंत ती वेगळीच बरी.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी अंग फुगवून टोचते, तिला मारकुटी समजू नका.