ऑनलाइन लिलावात फीडबॅक देता-घेताना या चुका टाळा

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो आणि बोली लावणाऱ्याची पत सगळ्यांना ठाऊक असते. सावंतवाडीच्या चितार आळीतला कारागीर ईबेसारख्या लिलावाच्या साइटवरून परदेशातल्या गिऱ्हाइकाला लाकडी फळं किंवा गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) विकतो, तेव्हा माल हातात नसतो आणि माणूसही ओळखीचा नसतो. ही उणीव भरून काढायला ईबेने १९९६ साली फीडबॅकची पद्धत सुरू केली. व्यवहार झाला की चांगला, मधला किंवा वाईट शेरा द्यायचा, सोबत एखादी ओळ लिहायची. हा शेरा पुढे येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा असतो. आपल्याकडे मात्र तो लगेच मानापमानाचा विषय होतो, आणि खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

फीडबॅकला पैशांत किंमत असते, हे आधी लक्षात घ्या. पॉल रेझनिक हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकून एक प्रयोग केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. सारखाच माल एका नावाजलेल्या खात्यावरून आणि काही नव्या खात्यांवरून विकला. नावाजलेल्या खात्याला गिऱ्हाइकं सुमारे ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होती.

वाईट शेरा पडला की लगेच भांडायला जाणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, गिऱ्हाइकाने लिहिलं, ‘लाकडी पेरूला तडा गेलेला होता.’ कारागिराचं रक्त उसळतं आणि तो उत्तर ठोकतो, ‘तुम्हाला हस्तकलेतलं काय कळतं? आमच्या तीन पिढ्या हेच काम करतात.’ शेरा देणारा कधीच निघून गेलेला असतो. हे उत्तर वाचतात ते पुढचे लोक, आणि त्यांच्या मनात राहतो तो पेरूचा तडा नव्हे, विक्रेत्याचा तोरा. शिवाय ईबेवर एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही.

त्या दिवशी उत्तर देऊच नका. आधी पार्सलचं ट्रॅकिंग बघा, पाठवण्याआधी काढलेले फोटो बघा. मग साइटवरच्या मेसेजमधून गिऱ्हाइकाशी बोला आणि प्रश्न खरोखर सोडवा, म्हणजे पैसे परत द्या किंवा दुसरा नग पाठवा. त्यानंतरच शेरा बदलण्याची विनंती करा. ईबेवर ही विनंती शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते आणि गिऱ्हाइकाला उत्तरासाठी १० दिवस मिळतात. हजार फीडबॅकमागे अशा जेमतेम पाच विनंत्या करता येतात, तेव्हा त्या किरकोळ गोष्टींवर उधळू नका. गिऱ्हाइकाने नाही म्हटलं, तरच खाली जाहीर उत्तर लिहा. ते असं असावं: ‘देठाजवळ तडा होता, हे खरं आहे. पैसे १२ जुलैला परत केले. आता प्रत्येक फळ वेगळं गुंडाळून पाठवतो.’ एवढ्या तीन वाक्यांनी वाईट शेऱ्याची धार बरीच कमी होते. असं उत्तर वाचून मी स्वतः माल मागवलेला आहे.

पावसाळ्याचा विचार न करता तारखा देणं

कोकणातल्या विक्रेत्याला मिळणारे कितीतरी वाईट शेरे मालाबद्दल नसतातच, ते उशिराबद्दल असतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरड कोसळली की पार्सल अडकतं, वीज गेली की रेंजही जाते, आणि गिऱ्हाईक बिचारं ‘तीन दिवसांत रवाना’ हे वाक्य धरून बसलेलं असतं. त्याची यात काहीच चूक नाही. जून ते सप्टेंबर रवाना करण्याची मुदत सरळ वाढवून ठेवा. गणपतीत तर कारखाना बंदच असतो, तेव्हा साइटवर सुट्टी लावण्याची सोय वापरा.

दमट हवेचं दुखणं वेगळं. लाकडी फळांसाठी वापरतात ते पांगाऱ्याचं लाकूड मऊ आणि हलकं. रंग पुरता वाळण्याआधी ते प्लॅस्टिकमध्ये कोंबलं, तर रंग चिकटतो आणि कधीकधी बुरशीही येते. आधी कागद, मग प्लॅस्टिक, आत ओल शोषणारी पुडी. फोटोही भर पावसातल्या अंधाऱ्या ओटीवर काढू नका. ‘रंग फोटोसारखा नाही’ ही तक्रार तिथेच जन्माला येते. नगाला डाग किंवा टवका असेल तर त्याचाच जवळून फोटो टाका आणि वर्णनातही लिहा.

जाता जाता एक सांगतो, कारण हा प्रश्न वरचेवर येतो. माळ्यावर सापडलेली शिवराई परदेशी गिऱ्हाइकाला विकू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कितीही चांगला फीडबॅक असला तरी तिथे तो कामाला येत नाही.

ओळखीपाळखीतून शेरे गोळा करणं

मामाच्या मुलाने विकत घेतल्यासारखं दाखवायचं आणि पाच चांदण्या द्यायच्या, किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तू मला दे, मी तुला देतो’ करायचं, हे प्रकार सर्रास चालतात. साइटने पकडलं तर खातं बंद होतं. भारतातल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणेही (२०२०) विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून शेरे लिहिता येत नाहीत.

नव्या विक्रेत्याची घाई मला समजते. १९ चांगले आणि १ वाईट म्हटलं की टक्केवारी थेट ९५ वर येते, आणि आकडा बघूनच लोक पुढे जातात. यावर उपाय एकच: सुरुवातीला स्वस्त, न फुटणारे, पाठवायला सोपे नग विका. भोवरे, चकत्या, छोट्या डब्या. महागडा गंजिफाचा संच थोड्या महिन्यांनी लावा.

खरेदीदाराच्या चुका

पार्सल न उघडताच पोस्टमनसमोर पाच चांदण्या देऊ नका. ईबेवर शेरा द्यायला ६० दिवस असतात. तसंच, विक्रेत्याला एक मेसेजही न करता वाईट शेरा देणं हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी विचारा, दोन-तीन दिवस द्या.

याच्या उलट चूकही होते. विक्रेता आपल्यालाच वाईट शेरा देईल या भीतीने लोक खरं लिहीत नाहीत. पूर्वी ही भीती रास्त होती, तुम्ही तक्रार लिहिली की तिकडूनही सूड घेतला जायचा. म्हणूनच ईबेने २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट किंवा मधला शेरा देणं बंद केलं. तेव्हा नग खराब निघाला तर तसं लिहा, पण काय खराब ते लिहा. ‘बेकार’ या एका शब्दाचा पुढच्याला काही उपयोग नाही. ‘झाकण बसत नाही, रंग हाताला लागतो’ हा उपयोगाचा शेरा.

विकत घेण्याआधी नुसती टक्केवारी पाहू नका. गेल्या वर्षभरातले वाईट शेरे उघडून वाचा आणि चांगले शेरे कशावर मिळालेत तेही पाहा. दहा-वीस रुपयांच्या वस्तूंवर शंभर शेरे जमवून मग एकदम महागडा कॅमेरा लिलावाला लावणारा विक्रेता दिसला, तर तिथून निघा.

‘पैसे परत द्या, नाहीतर वाईट शेरा देतो’

अशी धमकी आली तर घाबरून पैसे देऊ नका आणि फोनवर वादही घालू नका. बोलणं साइटवरच्या मेसेजमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण साइटला दिसत नाही, त्यामुळे तो पुरावा तिथे लंगडा पडतो. धमकीचा मेसेज साइटकडे कळवा. फीडबॅकची भीती घालून नियमाबाहेरचं काही उकळणं ईबेच्या नियमांत बसत नाही आणि असा शेरा काढून टाकला जाऊ शकतो.

खरेदीदार म्हणून भारतातल्या साइटवर तुमचीच दाद लागत नसेल, तर त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियमाप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा.