घरात एकाला टाइप १ डायबेटिस निघाला, तर भावंडांची अँटिबॉडी टेस्ट कशी करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा

मी परळला लॅबमध्ये सॅम्पल घेते, आजूबाजूला एवढी हॉस्पिटलं, त्यामुळे टाइप १ वाल्या पोरांचे आईबाबा नेहमी येतात आणि काउंटरवर विचारतात, ताई, धाकटीला पण होणार का, तिची पण शुगर बघून घेऊया का? म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे लक्षात घ्या की शुगर वाढते ती सगळ्यात शेवटी. टाइप १ मध्ये आपलीच इम्युनिटी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा सेल मारत सुटते आणि हे कित्येकदा वर्षानुवर्षं आतल्या आत चालू असतं, पोरगं बाहेर मस्त क्रिकेट खेळत असतं. १९७४ ला लंडनमध्ये बोटाझो आणि डोनियाक यांनी पेशंटच्या रक्तात या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे त्यांच्यावर नेम धरून इम्युनिटीने बनवलेली प्रथिनं, दाखवल्या, तेव्हापासून हे आधी पकडायचा रस्ता मोकळा झाला. म्हणजे भावंडांची अँटिबॉडी बघायची, नुसती फास्टिंग शुगर नाही.

या अँटिबॉडींचे चार प्रकार बघतात, पण चिठ्ठीवर बरेचदा त्यातली फक्त जीएडी लिहिलेली असते. डॉक्टरांना विचारून चारही करून घ्या: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्शुलिन अँटिबॉडी. यातली शेवटची, पोराला इन्शुलिन चालू होऊन एक-दोन आठवडे झाले की कामाची राहत नाही, कारण टोचलेल्या इन्शुलिनविरुद्ध पण अँटिबॉडी तयार होतात. पण म्हणून आजारी पोराचं इन्शुलिन टेस्टसाठी एक तासही थांबवू नका, आधी औषध.

आता रिपोर्ट. लोक आकडा बघून घाबरतात, बापरे जीएडी एवढं! आकड्यापेक्षा किती प्रकारच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत ते मोजा. २०१३ ला फिनलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या मुलांचा मोठा अभ्यास आला, त्यात दोन किंवा जास्त असलेल्यांपैकी साधारण ७० टक्के मुलांना १० वर्षांत डायबेटिस झाला, एकच असलेल्यांत साधारण १५ टक्के. ही तिकडची मुलं आहेत, आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नका, पण दिशा तीच. एकच आली तर काही महिन्यांनी पुन्हा करा. दोन आल्या आणि शुगर नॉर्मल असेल तर ती स्टेज १, लगेच पोरांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा, ते ठरावीक काळाने शुगर आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघत राहतील. स्टेज २ म्हणजे शुगर थोडी हलायला लागली, त्यासाठी टेप्लिझुमॅब या औषधाला २०२२ ला अमेरिकेत मंजुरी मिळालीय, ट्रायलमध्ये त्याने आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलला. दोन वर्षं रोजच्या इन्शुलिनच्या इंजेक्शनशिवाय म्हणजे लहान पोरासाठी खूप आहे हो.

सगळ्या निगेटिव्ह आल्या तर बरंच, पण कायमची सुट्टी नाही. आणि ज्याला आधीच डायबेटिस झालाय त्याच्या निगेटिव्ह आल्या म्हणून टाइप १ नाही असंही नाही.

एचएलए टेस्टवर (इम्युनिटीच्या जीनची तपासणी) घरच्या घरी ठरवून पैसे घालू नका. एचएलए जीनचा वाटा सगळ्यात मोठा हे खरं, १९८७ ला टॉड, बेल आणि मॅकडेविट यांनी तर डीक्यू बीटा या एचएलए प्रथिनाच्या साखळीत ५७ नंबरच्या जागी कुठलं अमिनो अॅसिड आहे त्यावर धोका बदलतो इथपर्यंत दाखवलं, पण डीआर३, डीआर४ हे धोक्याचे एचएलए प्रकार असलेले हजारो लोक ठणठणीत फिरतायत. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी, जीन अगदी सारखे असून, दुसऱ्याला होतोच असं नाही. म्हणून आईला किंवा सासरच्यांना दोष देणं बंद करा, हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने हैदराबादची संशोधन संस्था सीसीएमबी आणि इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या लोकांबरोबर अनेक जीनचा एकत्र स्कोअर भारतीय पेशंटमध्ये तपासला, टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला त्याची मदत होते असं २०२० ला छापून आलं.

एका ठिकाणी मात्र जीन टेस्ट हवीच: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटिस निघाला तर. तो बहुतेक वेळा टाइप १ नसतो, एकाच जीनमधला बिघाड असतो, आणि तो केसीएनजे११ नावाच्या जीनमध्ये निघाला तर बऱ्याच बाळांचं इन्शुलिन बंद करून गोळीवर आणता येतं.

टेस्ट काहीही येवो, पोरगं अचानक रात्री अंथरूण ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, वजन उतरलंय तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका, बोटातल्या थेंबाने शुगर बघा. २०० च्या वर असेल किंवा उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्याच्या ओपीडीची वाट बघायची नाही.